ग्राउंडच्या आधीचे सहा महिने

पहाटे पाचची वेळ. सातारा, सांगली, कोल्हापूर, बीड किंवा बुलढाणा जिल्ह्यातल्या कुठल्याही डांबरी रस्त्याने या वेळी एसटी निघाली, की तिच्या दिव्यांच्या उजेडात पळणारी पोरे दिसतात. कोणाच्या पायात झिजलेले बूट, कोणाच्या पायात कॅनव्हासचे, कोणी अनवाणी. गावोगावी त्यांना ‘भरतीची पोरे’ म्हणतात. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ लागते, शिरोळ तालुक्यातली टाकळी ‘सैनिक टाकळी’ म्हणून ओळखली जाते. अशा गावांत सैन्यात जाणे ही घराण्याची रीत आहे. इतर गावांत ती पाऊस आणि कर्ज यांच्या फेऱ्यातून बाहेर पडण्याची वाट आहे.

याच पोरांपैकी काही जण, ग्राउंडची तारीख आठ-दहा दिवसांवर आली असताना, सरकारी रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागात लंगडत येतात. नडगी दुखते, बोट ठेवले तरी कळ जाते, रात्री ठणका लागतो. एक्स-रेमध्ये सुरुवातीला बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. डॉक्टर सांगतात, सहा आठवडे धावायचे नाही. पोरगा मान डोलावतो आणि बाहेरच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्यांची पट्टी घेऊन घरी जातो. त्याला दोष तरी कसा द्यायचा? वयाची मर्यादा संपत आलेली असते आणि पुढची भरती कधी निघेल हे कोणी सांगू शकत नाही.

हा प्रश्न एका पोराच्या नडगीपुरता नाही. सैन्यासाठी माणसे निवडावीत कशी, घडवावीत कशी आणि टिकवावीत कशी, यावर जगभर शंभरहून अधिक वर्षे संशोधन चालू आहे. त्यातला एक निष्कर्ष पुन्हा पुन्हा समोर येतो. जवान भरतीच्या दिवशी घडत नाही. त्याचे हाड, त्याचे रक्त, उन्हात टिकण्याची त्याची ताकद त्याआधीच्या महिन्यांत घडते किंवा बिघडते. आपल्याकडे नेमका हाच काळ कोणाच्याही अखत्यारीत येत नाही. सैन्य म्हणते, तो अजून आमचा नाही. आरोग्य खाते म्हणते, तो आजारी नाही. महाविद्यालय म्हणते, तो केव्हाच बाहेर पडला. मग त्याचा मार्गदर्शक उरतो तो गावातला माजी भरती झालेला दादा, एखादी खासगी अकादमी, नाहीतर मोबाइलवरचा व्हिडिओ.

सुरुवात हाडापासून करू. १८५५ साली ब्राइटहाउप्ट या प्रशियाच्या लष्करी डॉक्टराने लांब कूच करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पावलांचे वर्णन लिहिले. तेव्हा एक्स-रे नव्हता. १८९५ मध्ये तो शोध लागला आणि दोनच वर्षांत कळले, की ही सूज म्हणजे पावलाच्या हाडांना पडलेल्या बारीक चिरा आहेत. आज त्याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. ही चीर एका फटक्याने पडत नाही, तर तोच तो भार हजारो वेळा पडल्याने पडते.

हाड ही काही मेलेली वस्तू नव्हे. भार वाढला, की शरीर जुने हाड कुरतडून काढते आणि त्या जागी अधिक मजबूत हाड घालते. पण कुरतडण्याचे काम आधी होते आणि भरण्याचे काम मागून, सावकाश. त्यामुळे एकदम जोरात सराव सुरू केला, की पहिल्या काही आठवड्यांत हाड आधीपेक्षा कमकुवत असते. दम वाढलेला असतो, मांडीचा स्नायू भरलेला असतो, पोराला वाटते आता जमले; आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नडगी बोलू लागते. दम आणि स्नायू आठवड्यांत तयार होतात, हाडाला महिने लागतात. सैन्यभरतीच्या तयारीतले हे सर्वांत महत्त्वाचे शास्त्रीय सत्य आहे आणि तेच सर्वांत कमी सांगितले जाते.

इस्रायलच्या सैन्याने या विषयाचा चिकाटीने पाठपुरावा केला. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या अभ्यासात २९५ पायदळ प्रशिक्षणार्थींपैकी ३१ टक्क्यांना स्ट्रेस फ्रॅक्चर झाल्याचे आढळले. पुढची पंचवीस वर्षे तिथल्या डॉक्टरांनी बुटांचे, तळव्यांचे, सरावाच्या पद्धतींचे प्रयोग केले. शेवटी हे प्रमाण निम्म्याहून खाली आले. ज्या उपायांनी ते आले, ते ऐकायला फारच साधे आहेत. प्रशिक्षणार्थींना किमान सहा तास झोप सक्तीची केली आणि एकूण चालीचे अंतर कमी केले. महागडा बूट किंवा परदेशी गोळी यांनी जे साधले नाही, ते झोपेने आणि मापात ठेवलेल्या भाराने साधले.

त्याच देशातले आणखी दोन निष्कर्ष मराठी पोरांच्या थेट उपयोगाचे आहेत. पहिला वयाचा. सतरा ते सव्वीस वर्षांच्या पायदळ प्रशिक्षणार्थींच्या अभ्यासात, सतरानंतर वयाचे एकेक वर्ष वाढले की स्ट्रेस फ्रॅक्चरचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी कमी होत गेलेला दिसला. आपल्याकडे भरतीचे किमान वय साडेसतरा आहे. अग्निपथ योजनेच्या आधीही ते तेवढेच होते. म्हणजे सर्वांत कोवळ्या हाडावर सर्वांत घाईचा भार पडतो. दुसरा निष्कर्ष खेळाचा. भरतीपूर्वी किमान दोन वर्षे बास्केटबॉलसारखे चेंडूचे खेळ नियमित खेळलेल्या तरुणांत हे फ्रॅक्चर लक्षणीयरीत्या कमी आढळले. नुसते धावण्याचा सराव केलेल्यांना मात्र असा फायदा दिसला नाही. याचे कारण समजण्यासारखे आहे. उडी, वळण, अचानक थांबणे यांत हाडावर वेगवेगळ्या दिशांनी भार येतो आणि ते सर्व बाजूंनी घट्ट होते. एकाच रस्त्यावर एकाच चालीने धावणाऱ्याच्या हाडाला एकाच दिशेची सवय लागते. कबड्डी, खो-खो किंवा व्हॉलीबॉल यांवर तसा अभ्यास तिथे झालेला नाही, पण त्यांतल्या हालचाली याच जातीच्या आहेत. गावातले मैदान शाबूत ठेवणे हे सैन्यभरतीचेही काम आहे, असे म्हणायला त्यामुळे आधार मिळतो.

‘सैन्यात कणखर माणसे लागतात, लाड करून भागणार नाही,’ असा आक्षेप इथे येतो. तो गैर नाही. सैन्याला कणखर माणूस हवाच. प्रश्न एवढाच, की जास्त धावल्याने माणूस जास्त कणखर होतो का. अमेरिकेच्या मरीन दलाने प्रशिक्षणातले धावण्याचे अंतर सुमारे ४० टक्क्यांनी कमी करून पाहिले. स्ट्रेस फ्रॅक्चर जवळपास निम्म्यावर आले आणि शेवटच्या तीन मैलांच्या चाचणीत वेळ वाढला तो काही सेकंदांचाच. म्हणजे कमी केलेले धावणे बहुतांशी हाडे मोडण्याच्याच कामी येत होते. कणखरपणा भाराने येतो हे खरे, पण तो भार पेलायला शरीराला मिळालेल्या वेळेनेही येतो. शेतकऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. नव्या बैलाला पहिल्याच दिवशी भरल्या गाडीला कोणी जुंपत नाही.

हाडानंतर रक्त. सैन्याच्या मैदानी चाचणीत १.६ किलोमीटरची धाव हा कळीचा टप्पा. वर्षानुवर्षे साडेपाच मिनिटांच्या आत येणाऱ्याला पूर्ण ६० गुण आणि दहा बीम मारणाऱ्याला ४० गुण, हे गणित भरतीच्या प्रत्येक पोराला पाठ असते. त्या साडेपाच मिनिटांत स्नायूंना प्राणवायू पोहोचवते ते हिमोग्लोबिन. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या १५ ते १९ वयोगटातल्या ३१ टक्के मुलांना आणि ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आहे. दर तीन मुलांमागे जवळजवळ एक जण अर्ध्या भरलेल्या टाकीवर गाडी पळवतो आहे आणि वेळ येत नाही म्हणून आणखी दोन किलोमीटर वाढवतो आहे. त्याला कमी पडतो तो सराव नव्हे, लोह.

अमेरिकी सैन्यात प्रशिक्षण घेणाऱ्या २१९ महिला सैनिकांवर झालेल्या अभ्यासात रोज १५ मिलिग्रॅम लोह देऊन पाहिले गेले. ज्यांना सुरुवातीला लोहाच्या कमतरतेमुळे रक्तक्षय होता, त्यांची धावण्याची वेळ लोह न मिळालेल्यांपेक्षा स्पष्टपणे सुधारली. अमेरिकी नौदलाच्या सुमारे ५,२०० महिला प्रशिक्षणार्थींना आठ आठवडे रोज २,००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ८०० युनिट ड जीवनसत्त्व दिल्यावर स्ट्रेस फ्रॅक्चर सुमारे २० टक्क्यांनी कमी झाले. मुलींच्या बाबतीत हे अधिक महत्त्वाचे आहे, कारण तोच सराव केला तरी त्यांना स्ट्रेस फ्रॅक्चरचा धोका मुलांपेक्षा जास्त असतो. मार्च २०२३ मध्ये ओडिशातील आयएनएस चिल्का येथून नौदलाच्या अग्निवीरांची जी पहिली तुकडी बाहेर पडली, तीत २७३ मुली होत्या. हा आकडा वाढत जाणार. गावाच्या रस्त्यावर भावाबरोबर धावणाऱ्या मुलीच्या ताटात दूध, नाचणी, तीळ, डाळ, पालेभाजी काय आणि किती पडते, हा प्रश्न आता देशाच्या संरक्षणाशीही जोडला गेला आहे. आणि एक लक्षात ठेवायला हवे, की पहाटेच्या अंधारात कितीही धावले तरी ड जीवनसत्त्व मिळत नाही. त्यासाठी दिवसाचे ऊन अंगावर घ्यावे लागते.

उन्हाचा विषय निघाला, की हा प्रश्न दुखण्याचा राहत नाही, जिवाचा होतो. २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये झारखंडमध्ये उत्पादन शुल्क शिपायांच्या भरतीत पुरुष उमेदवारांसाठी १० किलोमीटरची धाव होती. त्या भरतीदरम्यान दहाहून अधिक तरुणांचा मृत्यू झाला. त्यानंतर भरती काही दिवस थांबवून सकाळी नऊनंतर धाव घ्यायची नाही असे ठरले. ती सैन्याची भरती नव्हती आणि प्रत्येक मृत्यूचे कारण एकच होते असेही म्हणता येणार नाही. पण सैन्याची असो की पोलिसांची, ग्राउंडवर उतरणारी पोरे तीच असतात. नऊ वाजण्याचा नियम मृत्यूंनंतर का सुचावा, हा प्रश्न सर्वच भरती मंडळांना लागू आहे.

कारण याचे शास्त्र जुने आहे. अमेरिकेच्या मरीन दलाच्या पॅरिस आयलंड या प्रशिक्षण केंद्रात १९५० च्या दशकात उष्माघाताचे रुग्ण वाढले, तेव्हा नुसते तापमान न पाहता हवेतला दमटपणा आणि उन्हाचा तडाखा एकत्र मोजणारा निर्देशांक तयार झाला. त्यानुसार मैदानावर रंगीत निशाण लावायचे. अमुक रंगाच्या वर सराव बंद. आज जगभर सैन्यदले, खेळाडू आणि कारखाने तोच निर्देशांक वापरतात. कोकणातला ३३ अंशांचा दमट दिवस विदर्भातल्या कोरड्या ३८ अंशांइतकाच घातक का ठरू शकतो, ते त्यातून कळते. शरीराला उन्हाची सवय व्हायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. थंड हवेच्या गावातून रात्रभर एसटीत उभा राहून, उपाशीपोटी, न झोपता मैदानावर पोहोचलेल्या पोराकडे ते दिवस नसतात.

धावताना पडलेला तरुण भ्रमिष्टासारखा बोलत असेल, तोल जात असेल, अंग भाजत असेल, तर तो उष्माघात समजून तिथेच गार करायला हवा. बर्फाच्या पाण्याच्या टाकीत गळ्यापर्यंत बसवणे हा सर्वोत्तम उपाय. आधी गार करा, मग रुग्णालयात न्या, हा नियम आहे. कारण पहिल्या अर्ध्या तासात उतरवलेला ताप मेंदू, यकृत आणि मूत्रपिंड वाचवतो. रुग्णवाहिका उभी करून कर्तव्य संपत नाही. तिच्या शेजारी पाण्याने भरलेली टाकी आणि बर्फाच्या लाद्या हव्यात. त्याचा खर्च मंडपाच्या भाड्यापेक्षाही कमी आहे. आणि दुखणे दाबण्यासाठी वेदनाशामक गोळ्या किंवा इंजेक्शन घेऊन, पाणी न पिता धावणारा तरुण आपली मूत्रपिंडे पणाला लावतो, हे भरतीच्या प्रत्येक प्रवेशपत्रावर छापायला हवे.

महाराष्ट्रापुरती यात आणखी एक बाब आहे, ती म्हणजे सिकलसेल. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नंदुरबार या भागांत सिकलसेलचे वाहक मोठ्या संख्येने आहेत. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. एरवी त्याला काहीच त्रास नसतो. पण प्रचंड श्रम, ऊन आणि पाण्याची कमतरता एकत्र आली, तर त्याच्या तांबड्या पेशींचा आकार बदलून स्नायू कुजू लागण्याचा धोका असतो. अमेरिकेतल्या १९७७ ते १९८१ या काळातील सुमारे २० लाख नवसैनिकांच्या नोंदींवरून वाहकांत श्रमाने अचानक मृत्यू येण्याचे प्रमाण कितीतरी पट जास्त असल्याचे दिसले होते. मग वाहकांना सैन्यात घ्यायचेच नाही का? तिथल्या सैन्याने सर्वांसाठीच पाणी, विश्रांती आणि उन्हाची सवय यांचे नियम कडक केले. २०१६ साली सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांच्या अभ्यासात वाहक आणि इतर यांच्या मृत्यूच्या धोक्यात फरक उरला नव्हता. स्नायू कुजण्याचा धोका मात्र अजूनही काहीसा जास्त होता. उत्तर वगळण्यात नव्हते, काळजी घेण्यात होते. जुलै २०२३ मध्ये देशात सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. तिच्यातून मिळालेले कार्ड तरुणाच्या खिशात असेल आणि त्याचा अर्थ त्याला कोणी समजावून सांगितलेला असेल, तर तो नीट तयारी करून ग्राउंडला उतरू शकतो. अर्थ न सांगता दिलेले कार्ड लग्न मोडण्याच्या कामी येते, जीव वाचवण्याच्या नाही.

हे सारे ज्ञान उपलब्ध असताना आपल्याकडे ते मैदानाच्या बाहेर का पोहोचत नाही? पुण्याचे सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालय १९४८ पासून सैन्याचे डॉक्टर घडवते आहे. भारतीय लष्करी डॉक्टरांनी प्रशिक्षण केंद्रांतल्या स्ट्रेस फ्रॅक्चरवर स्वतः संशोधन प्रसिद्ध केले आहे. ज्ञानाची उणीव नाही. उणीव आहे गरजेची. अमेरिकेत २०२० च्या संरक्षण खात्याच्या पाहणीनुसार १७ ते २४ वयोगटातले ७७ टक्के तरुण सवलत दिल्याशिवाय सैन्यात घेता येत नव्हते. २०२२ मध्ये तिथल्या लष्कराला ६० हजारांचे लक्ष्य गाठताना १५ हजार माणसे कमी पडली. तेव्हा त्यांनी काठावर नापास होणाऱ्यांसाठी भरतीपूर्व वर्ग काढला. वजन किंवा अभ्यास कमी पडणाऱ्या तरुणाला ९० दिवसांपर्यंत सांभाळून, शिकवून मग प्रशिक्षणाला पाठवायचे. गरज पडली, तेव्हा सैन्यानेच उमेदवार घडवायला घेतला.

भारतात चित्र उलटे आहे. २०२२ मध्ये हवाई दलाच्या अग्निवीरांच्या सुमारे तीन हजार जागांसाठी जवळपास साडेसात लाख अर्ज आले. जिथे एका जागेसाठी अडीचशे जण उभे आहेत, तिथे नाकारणे स्वस्त पडते. मोडलेल्या हाडाचा, गेलेल्या वर्षाचा खर्च भरती कार्यालयाच्या हिशेबात येत नाही. तो पोराच्या आणि त्याच्या घराच्या हिशेबात जातो. म्हणूनच हे काम सैन्याच्या गरजेवर सोडून चालणार नाही. ते सार्वजनिक आरोग्याचे काम आहे.

असे म्हणण्याला इतिहासाचा भक्कम आधार आहे. १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धात ब्रिटनमध्ये सैन्यात यायला निघालेले कामगार वस्त्यांमधले असंख्य तरुण खुजे, अशक्त आणि किडक्या दातांचे म्हणून परत पाठवावे लागले. त्यातून सरकारने समिती नेमली, १९०४ मध्ये तिचा अहवाल आला. १९०६ मध्ये शाळेत जेवण देण्याचा आणि १९०७ मध्ये शाळेत वैद्यकीय तपासणी करण्याचा कायदा झाला. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धात कुपोषणामुळे तरुण नाकारले गेले, आणि १९४६ चा शालेय भोजनाचा कायदा राष्ट्रीय सुरक्षेचा उपाय म्हणूनच मांडला गेला. नाकारलेल्या तरुणांच्या यादीत त्या देशांनी आपल्या शाळांचे आणि स्वयंपाकघरांचे प्रगतिपुस्तक वाचले. भारतात शालेय पोषण आहार १९९५ पासून आहे, दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींसाठी आठवड्याला एक निळी लोहगोळीही आहे. पण शाळा सुटली, की जेवणही सुटते आणि गोळीही. बारावी ते भरती या काळात पोरगा सर्वांत जास्त श्रम करतो आणि सर्वांत कमी नजरेखाली असतो.

मग करायचे काय? पहिली गोष्ट, भरतीचे वेळापत्रक किमान सहा महिने आधी आणि ठामपणे जाहीर व्हावे. अनिश्चिततेमुळेच पोरे शेवटच्या महिन्यात अंग मोडून घेतात. जाहिरातीबरोबर सैन्यानेच मराठीतून आठवड्यागणिक वाढत जाणाऱ्या सरावाचा तक्ता द्यावा. त्यात विश्रांतीचे दिवस, खेळ आणि झोप यांना धावण्याइतकेच स्थान असावे. दुसरी गोष्ट, प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात महिन्यातून एक दिवस भरतीपूर्व तपासणीचा ठेवावा. हिमोग्लोबिन, आवश्यक त्या जिल्ह्यांत सिकलसेल, रक्तदाब, नजर, कान आणि दात. कानातला मळ किंवा किडलेली दाढ यांसारख्या अर्ध्या तासाच्या कामापायी मेडिकलमध्ये अडकलेली पोरे कमी नाहीत. सैन्याला किमान १४ डेंटल पॉइंट लागतात हे दंतवैद्याला सहा महिने आधी कळले, तर उपाय होतो; आदल्या दिवशी कळले, तर होत नाही. यासाठी नवी इमारत नको, नवे पद नको. तपासण्या आजही तिथे होतात, फक्त निरोगी दिसणाऱ्या तरुणाला कोणी या म्हणत नाही.

तिसरी गोष्ट, सैन्य, पोलीस, वनरक्षक अशा कोणत्याही मैदानी चाचणीसाठी उष्णतेचा निर्देशांक, बर्फाची टाकी आणि पिण्याचे पाणी यांची सक्ती असावी, आणि आदल्या रात्री उमेदवाराला पाठ टेकायला जागा मिळावी. फूटपाथवर रात्र काढलेल्या तरुणाची सकाळी घेतलेली चाचणी त्याच्या ताकदीचे खरे मोजमाप देत नाही.

चौथी गोष्ट टिकवण्याची, आणि ती भरतीनंतरची आहे. अमेरिकी लष्करात २००९ पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासाने दाखवले, की कधीच आघाडीवर न गेलेल्या सैनिकांत आत्महत्येच्या प्रयत्नांचा धोका सेवेच्या दुसऱ्याच महिन्यात सर्वाधिक असतो. युद्धाच्या आधी घराची आठवण, अपमान, अपयशाची भीती माणसाला गाठते. तिथेच २००१ पासून लाखोंच्या संख्येने सैनिकांचा, ते सेवेतून बाहेर पडल्यावरही, आरोग्याचा पाठपुरावा चालू आहे. आपल्याकडे अशा पाठपुराव्याची गरज आता अधिक आहे. अग्निपथ योजनेत चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के जवान कायम होतात. बाकीचे एकवीस ते पंचवीस-सव्वीसच्या वयात गावी परततात. माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे छत्र त्यांना नाही. नौदलातली २०२२ च्या अखेरीस दाखल झालेली पहिली तुकडी २०२६ च्या अखेरीस चार वर्षे पूर्ण करते. त्यांचे गुडघे, कंबर, कान, झोप आणि मन कसे आहे, याची नोंद त्यांच्या जिल्ह्यातल्या रुग्णालयात सुरू व्हायला हवी. चार वर्षांचा सैनिक घडवताना त्याच्या पुढच्या चाळीस वर्षांचे काय झाले, हे देशाला माहीत असायला हवे.

या सगळ्यावर खर्च करून शेवटी निवड होणार मूठभरांचीच, मग फायदा काय, असे विचारले जाईल. फायदा तिथेच आहे. न निवडलेला तरुणही घट्ट हाड, भरलेले रक्त आणि मापात श्रम करण्याची सवय घेऊन शेतावर, कारखान्यात किंवा दुकानावर परत जाईल. सैन्याच्या दारातून मागे फिरलेला माणूस आधीपेक्षा निरोगी असेल, तर ती भरती देशाला तोट्याची पडली नाही.

आज मात्र तो लंगडत परततो. ‘सहा आठवडे धावू नकोस’ हा सल्ला वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने बिनचूक आहे. ग्राउंड आठ दिवसांवर असलेल्या पोराला तो शिक्षेसारखा वाटतो. तोच पोरगा त्याच रुग्णालयात सहा महिने आधी आला असता, तर ते सहा आठवडे त्याच्याकडे होते.